पाणी उतरू नये म्हणून

टोकापासून दोन बोटं मागे निळा डाग पडला होता, करंगळीच्या नखाएवढा. ट्रकच्या जुन्या पाट्यातून कापलेली पट्टी, तीन रविवार घासून आकाराला आणलेली, तेलात विझवलेली, मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवलेली. राहिली होती फक्त शेवटची धार. टोकाकडे पातं पातळ असतं, उष्णतेला पळायला जागा नसते. बेल्टला टेकवलं आणि गवती पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग डोळ्यांसमोर धावत गेले. निळा दिसला म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास पोचलं. अशा वेळी लोहार दोनच शब्द बोलतो : पाणी उतरलं. ती धार आता टिकणार नाही, आणि कितीही घासलं तरी त्या जागी गेलेला कठीणपणा परत येत नाही.

तो बेल्ट ग्राइंडर मीच बनवला होता. पाण्याच्या पंपाची अर्ध्या एचपीची सिंगल फेज मोटर, मिनिटाला २८५० फेरे, शाफ्टवर १०० मिलिमीटरचं चाक. चाकाचा परीघ गुणिले फेरे केलं की बेल्टचा वेग मिळतो : मिनिटाला सुमारे ८९५ मीटर. पट्टीचं अंग उतरवायला हा वेग मुळीच जास्त नाही, चाकू बनवणारे १२०० मीटरवरही काम करतात. पाणी दिलेल्या पात्याच्या टोकाला मात्र तो सोसत नाही. आणि ओढ? ३७३ वॅटला सेकंदाच्या १५ मीटरने भागा, २५ न्यूटन येतात, म्हणजे जेमतेम अडीच किलोचं वजन. जाड लोखंडावर जोर दिला की मोटर घोगरी होऊन बसायची आणि नाजूक कामाला अंगावर यायची.

आधी पंख्याचा रेग्युलेटर लावून पाहिला. बहुतेकांना हेच पहिल्यांदा सुचतं, म्हणून ते का जमत नाही हे नीट सांगतो. इंडक्शन मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर दोन पोलची मोटर ३००० फेऱ्यांच्या थोडी खाली फिरते, चार पोलची १५०० च्या थोडी खाली. रेग्युलेटर फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही, फक्त व्होल्टेज कमी करतो. व्होल्टेज निम्मं झालं की मोटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, चौथाईवर येतो. पंख्याला हे चालतं, कारण वेग उतरला की हवेचा भारही उतरतो. बेल्टवर पोलाद दाबून धरलेलं असतं, तो भार कमी होत नाही. शिवाय माझ्या मोटरीत स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा सेंट्रिफ्यूगल स्विच होता. वेग पुरेसा चढला नाही तर तो उघडत नाही आणि ती वाइंडिंग जळते. दहा मिनिटांत व्हार्निशचा वास आला, तेव्हा मी बटण बंद केलं.

ट्रेडमिलची डीसी मोटर स्वस्तात मिळत होती आणि तिचा वेग सहज बदलतो. पण ती उघडी असते, स्वतःच्या पंख्याने आजूबाजूची हवा ओढून घेते, आणि ग्राइंडरजवळच्या हवेत पोलादाची भुकटी असते. तो विचार तिथेच सोडला.

उरली थ्री फेज मोटर आणि ड्राइव्ह. १८८९ साली डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की यांनी बनवलेल्या मोटरीपासून आजपर्यंत हिची मूळ रचना बदललेली नाही : ना कपॅसिटर, ना ब्रश, ना स्विच. घरात थ्री फेज नसेल तरी अडत नाही. ड्राइव्ह घरातली २३० व्होल्टची वीज घेतो, तिची डीसी करतो आणि त्यातून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचे तीन फेज घडवतो. फ्रिक्वेन्सी उतरवताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवतो, म्हणून मोटरचा पीळ टिकतो. मला हवं होतं ते हेच, सावकाश पण ताकदीने.

अट एकच. सिंगल फेजवर चालणारा साधा ड्राइव्ह २३० व्होल्टच्या वर देऊ शकत नाही, आणि आपल्याकडच्या लहान थ्री फेज मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र करून, जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा बोल्ट असतील तर काम दोन मिनिटांचं : पितळी पट्ट्या आडव्या असतात त्या उभ्या करायच्या, स्टारची डेल्टा होते आणि तीच मोटर २४० व्होल्टची होते. मी जुन्या बाजारातून आणलेल्या मोटरीची नेमप्लेट छान वाचता येत होती : १.१ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, २.६ अँपिअर, १४२० फेरे. चारी बाजूंनी बंद, शाफ्ट सरळ, बेअरिंगला आवाज नाही. झाकण मात्र मी घरी येऊन उघडलं. आत तीनच वायरी होत्या.

कोल्हापुरात रिवाइंडिंगचं दुकान शोधावं लागत नाही. उसाला पाणी द्यायच्या दिवसांत कमी व्होल्टेजने किंवा एक फेज गेल्याने जळलेले पंप दारात रांगेने पडलेले असतात. दुकानातल्या अण्णांनी मोटर उघडून बॅटरीचा झोत टाकला.

“स्टार आतच मारलाय. काढून देतो की. पण घाई करायची न्हाई.”

त्यांनी स्टेटरच्या पोटात २०० वॅटचा दिवा लावून ठेवला. व्हार्निश थोडं नरमलं तेव्हा बांबूच्या चिपटीने वाइंडिंगच्या टोकाचा बांधलेला दोरा हळूहळू सोडवायला घेतला. लोखंडी हत्यार त्या जागी नको, तारेवरचा मुलामा खरवडला तर मोटर संपली. पाऊण तास ती चिपटी तारांच्या जुडग्यातून फिरत होती. शेवटी स्लीव्हमध्ये दडलेला, तीन तारांची टोकं एकत्र पिळून डाखलेला जोड वर आला. अण्णांनी तो कापला, तिन्ही टोकांना नव्या वायरी जोडल्या, मग टेस्ट लॅम्प लावून कुठलं टोक कुठल्या कॉइलचं ते ओळखलं आणि एकेका जोडीला गाठी मारल्या : एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. दोरा पुन्हा बांधला, व्हार्निश सोडलं, सुकू दिलं. दुसऱ्या दिवशी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून काटा मला दाखवला.

“आता सा वायरी. डेल्टा कर, न्हाईतर स्टार कर, तुझं तू.”

मी हा पाऊण तास पाहिला नसता तर नवी मोटर घेतली असती, आणि मोटर घेणाऱ्याला मी एवढंच सांगेन : पैसे देण्याआधी टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडायला लावा.

डेल्टामध्ये करंट २.६ चा साडेचार अँपिअर होतो. ड्राइव्हमध्ये मोटर करंट म्हणून हाच आकडा भरायचा, नेमप्लेटवरचा नाही. ड्राइव्ह दीड किलोवॅटचा घेतला, त्याला स्वतंत्र एमसीबी आणि १६ अँपिअरचा पॉइंट दिला, अर्थिंग पक्कं केलं. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच घालायचा नाही, चालू-बंद ड्राइव्हच्या बटणांनीच. बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात, म्हणून झाकणाला हात लावण्याआधी माहितीपत्रकात दिलेली मिनिटं थांबायचं. लोखंडाची भुकटी वीज वाहते, त्यामुळे ड्राइव्ह मी भिंतीपलीकडे बसवला आणि वेगाची नॉब तेवढी ग्राइंडरपाशी आणली.

लेथवाल्याकडून १५० मिलिमीटरचं चाक करून घेतलं. ५० हर्ट्झला बेल्ट मिनिटाला जवळजवळ पावणेसातशे मीटर जातो आणि ओढ दहा किलोची, पहिल्या यंत्राच्या चौपट. नॉब ९० हर्ट्झपर्यंत नेली की बाराशे मीटर. ५० च्या वर व्होल्टेज वाढत नाही, त्यामुळे पीळ कमी होत जातो, तरी नव्या ३६ नंबरच्या बेल्टने पट्टीचं अंग उतरवायला तो पुरतो. खाली, १२ हर्ट्झला, दीडशे मीटरच्या आसपास. तिथे मोटरच्या शेपटाचा पंखाही मंदावतो पण करंट तेवढाच राहतो, म्हणून अधूनमधून मोटरच्या पाठीवर हात ठेवून पाहतो. तळवा टेकवता येईना झाला की चहाची वेळ झाली असं समजतो.

निळ्या डागाचं पातं तेवढं कापून आखूड केलं, नवं टोक काढलं. १२० नंबरचा बेल्ट, तोही कोरा, कारण बोथट बेल्ट कापण्याऐवजी घासतो आणि तापवतो. नॉब १२ वर. हातमोजा नाही, टोकामागे उघडं बोट. एक ओढ, बादलीत बुडवायचं, पुन्हा एक ओढ. बेल्टवरचा प्रत्येक दाणा पोलादावरून जातोय हे बोटाला कळत होतं. सातव्या-आठव्या ओढीनंतर पातं उजेडात धरलं. टोकावर बादलीतल्या पाण्याचा थेंब तसाच बसलेला होता.