अश्वांमधील विषाणुजन्य यकृतदाह : सातारा-सांगली परिसरातील घोडी व शिंगरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
सातारा जिल्ह्यातील माण, खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. येथील मेंढपाळ धनगर कुटुंबे चाऱ्याच्या शोधात दरवर्षी स्थलांतर करतात. त्यांचा संसार वाहून नेणाऱ्या भीमथडी घोड्याची आज स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. घोडी दगावल्यास शिंगरू पोरके होते आणि कुटुंबाची वाटचालही अडते. म्हणूनच अश्वांच्या यकृतरोगाचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो.

रोगाचे स्वरूप :
१९१८ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत आर्नोल्ड थायलर यांना असे आढळले की, साथरोग-प्रतिबंधासाठी अश्वरक्तापासून बनविलेले रक्तद्रव टोचलेल्या काही घोड्यांना पुढे तीव्र कावीळ होते. या रोगाचे कारण सुमारे शंभर वर्षे अनिश्चित राहिले. २०१८ मध्ये अमेरिकेत, धनुर्वाताचे प्रतिविष दिल्यानंतर मृत झालेल्या घोड्यात नवा पार्व्होव्हायरस सापडला. तोच विषाणू त्या प्रतिविषातही होता. हा रोग शिंगरांत क्वचित, तर प्रौढांत, विशेषतः नुकत्याच व्यालेल्या व प्रतिविष दिलेल्या घोडीत अधिक दिसतो. २०१२ मध्ये घोड्यांत आढळलेला हेपॅसिव्हायरस हा मानवी ‘हेपॅटायटिस सी’ विषाणूचा निकटचा आप्त असला, तरी त्याचा संसर्ग बहुधा सौम्य असतो. याउलट गर्भावस्थेत अश्व हर्पिसव्हायरस-१ ची बाधा झालेल्या शिंगराचे यकृत व फुप्फुसे निकामी होऊन ते जन्मानंतर अल्पावधीतच दगावते.

प्रतिबंध :
प्रतिविष आणि टॉक्सॉईड लस यांतील भेद येथे ध्यानात घ्यावयास हवा. प्रतिविष दुसऱ्या घोड्याच्या रक्तापासून तयार होते; टॉक्सॉईड मात्र प्राण्याच्या शरीरातच प्रतिकारशक्ती निर्माण करते. नियमित लसीकरण झाल्यास प्रतिविषाची गरज क्वचितच उरते. गाभण घोडीस विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे लस दिल्यास चिकावाटे शिंगरालाही संरक्षण लाभते. प्रत्येक जनावरासाठी स्वतंत्र सुई वापरणेही तितकेच आवश्यक आहे. तथापि लस न झालेल्या जनावरास खोल जखम झाल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रतिविष द्यावेच लागते, कारण धनुर्वाताचा धोका अधिक मोठा असतो. अशा वेळी पुढील सुमारे दहा आठवडे चारा सोडणे, सुस्ती, डोळ्यांचा पिवळेपणा व गडद लघवी या लक्षणांवर लक्ष ठेवावे.

समारोप :
यकृतदाहाच्या या विषाणूंविरुद्ध निश्चित औषध नाही. म्हणून प्रतिबंधावरच भर द्यावा लागतो. कळप वाटेला लागण्यापूर्वीच घोड्यांचे धनुर्वात-लसीकरण पूर्ण व्हावे. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था याच परिसरात असल्याने तिचे ज्ञान मेंढपाळांच्या वाड्यापर्यंत पोहोचविण्यात अन्य महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांनाही हातभार लावता येईल.