जमिनीखालचं पुणे-लोणावळा

पुणे स्टेशनातून लोकल सुटली की ६४ किलोमीटरवर लोणावळा येतं. हा सगळा मार्ग उचला आणि जमिनीखाली सारा. वर जंगल, घरं, रस्ते. खाली काळ्याकुट्ट कातळाचा बोगदा. लांबी किती? ६५.५ किलोमीटर! म्हणजे लोणावळा गाठून वर दीड किलोमीटर शिल्लक. आणि हा बोगदा खोदायला एकही मजूर लागला नाही, एकही सुरुंग उडाला नाही. लाव्हारस आला, वाहिला, निघून गेला. मागे उरली ती त्याची वाट.

हिचं नाव कझुमुरा. हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर, किलाउएआ ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर ही गुहा आहे. लाव्हारसाने घडवलेल्या गुहांमध्ये जगातली सर्वांत लांब हीच, सर्वांत खोलही हीच. जमिनीवर उघडणारी तिची तोंडंच शंभरेक आहेत. त्यांतल्या काही तोंडांतून वाटाडे पाहुण्यांना आत नेतात. डोक्याला हेल्मेट, कपाळावर दिवा, हातात जाड मोजे, कारण इथला खडक कातडी सोलून काढतो. शिडीवरून खाली उतरायचं आणि तोंड वासून बघत राहायचं.

चला, आपणही उतरू. आधी लांबी नीट मनात भरू द्या. बारा डब्यांची मुंबई लोकल साधारण २६० मीटर लांब असते. अशा गाड्या एकीला एक जोडत गेलात तर ही गुहा भरायला अडीचशे लोकल लागतील! गाड्या नकोत? मग रुपये मांडा. २२ मिलिमीटर व्यासाचं एक रुपयाचं नाणं घ्या, त्याला चिकटून दुसरं, मग तिसरं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेतो खिशातून जवळपास ३० लाख रुपये गेलेले असतील. तासाला चार किलोमीटर चालणारा धडधाकट माणूस न थांबता निघाला तरी सोळा तास हवेत, तेही जमीन सपाट असेल तर. इथे तर पावलापावलाला खडकांचे ढीग आणि गोठलेले लाव्हारसाचे धबधबे. पाहुण्यांना एका फेरीत दिसतो तो या लांबीचा जेमतेम एक तुकडा.

आता खोली. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ही गुहा १,१०१ मीटर उतरते. पन्नास फुटी विहिरी एकीखाली एक रचा, बहात्तर विहिरी होतील! पुण्याहून मुंबईला रेल्वेने येताना आपण १९२ किलोमीटरमध्ये साधारण साडेपाचशे मीटर उतरतो, आणि त्यातही बोरघाटाचं केवढं कौतुक करतो. कझुमुरा त्याच्या दुप्पट उतरते. अंतर मात्र त्याच्या एक तृतीयांश!

रुंदी काही ठिकाणी २१ मीटर, म्हणजे रेल्वेचे सहा डबे शेजारी शेजारी आरामात मावतील. उंची काही ठिकाणी १८ मीटर, म्हणजे सहा मजली इमारत गच्चीसकट आत. वाटाडा भिंतीवर दिवा फिरवतो तेव्हा आडव्या रेघा दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे वाहत्या रसाची एकेकाळची पातळी. छतातून ओहिया झाडांची मुळं लोंबत असतात. जिथे आज मुळं वाढतात, तिथून वाहणारा रस होता सुमारे १,१५० अंश सेल्सिअसचा. सोनं १,०६४ अंशांना वितळतं. म्हणजे अंगठी टाकली असती तर ती त्या रसात केव्हाच वितळून गेली असती!

खरी करामत पुढेच आहे. वरचा रस थिजून त्याचं छत झालं आणि आतला रस थर्मासमधल्या चहासारखा गरम राहिला. अशा नळीत लाव्हारस किलोमीटरमागे एक अंशसुद्धा थंड होत नाही. पूर्ण एक अंश धरला, तरी ६५ किलोमीटर धावून आल्यावर उरतात १,०८५ अंश. अजूनही सोनं वितळवायला पुरेसे!

हा रस वाहिला किती? पंधराव्या शतकात, अंदाजे १४१० ते १४७०, तब्बल साठ वर्षं. इकडे बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला गेली, तेव्हा तिकडे हा उद्रेक चालूच होता. ज्या उद्रेकाच्या वाहिन्यांपैकी कझुमुरा एक, त्याने एकूण ओकला सुमारे ५.२ घनकिलोमीटर लाव्हारस. आपल्या भाषेत १८० टीएमसीहून जास्त. कोयना धरण भरतं १०५ टीएमसीला. म्हणजे जवळजवळ पावणेदोन कोयना, पाण्याच्या नव्हे, आगीच्या! हिशेब सेकंदावर आणा: दहा हजार लिटरचा एक टँकर दर चार सेकंदांच्या आत रिता, रात्रंदिवस, साठ वर्षं. वीस फूट रुंद आणि पन्नास फूट खोल विहीर तीन मिनिटांच्या आत काठोकाठ. या रसाने व्यापलेली जमीन ४३० चौरस किलोमीटर. जवळपास अख्खी बृहन्मुंबई, आणि तिच्यावर सरासरी चार मजले उंच लाव्हारस!

दम लागला? थोडं वर बघा, चंद्राकडे. चांद्रयान-१ ने टिपलेल्या चित्रांत इस्रोच्या शास्त्रज्ञांना चंद्राच्या विषुववृत्ताजवळ अशीच एक नळी सापडली: सुमारे १.७ किलोमीटर लांब, १२० मीटर उंच. कझुमुराच्या सहा मजल्यांपुढे हे चाळीस मजले! गुरुत्वाकर्षण तिथे आपल्या एक षष्ठांश, त्यामुळे किलोमीटरभर रुंद नळीचं छतही टिकू शकेल, असं गणित सांगतं. म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार लोकल आडव्या!

आणि आता पायाखाली बघा. दख्खनचा काळा कातळ हासुद्धा लाव्हारसच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. झिजून झिजून आज जेवढा उरलाय, तेवढाच पाच लाख घनकिलोमीटरच्या घरात आहे. हवाईचा तो साठ वर्षांचा उद्रेक एकदा नाही, दहादा नाही, एक लाख वेळा करा, तेव्हा कुठे दख्खनची बरोबरी होते! त्या वेगाने गेलो तर साठ लाख वर्षं लागतील. दख्खनने यातलं बहुतेक काम दहा लाख वर्षांच्या आत उरकलं, असं भूवैज्ञानिक सांगतात. हा सगळा कातळ एकट्या महाराष्ट्रावर सारखा पसरला तर थर होईल सोळाशे मीटरचा. कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, आहे १,६४६ मीटर. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यापासून गोंदियापर्यंत प्रत्येक गाव कळसूबाईच्या उंचीला! धरणांत मोजायचं तर दीड लाखाहून जास्त कोयना. आणि खरं कोयना धरण उभं आहे, तेही याच लाव्हारसाच्या कातळावर.