सहाच्या आत ब्रेकर? नियम तुमच्या बाजूने आहे

जुनी इमारत पाडायला घेतली की शेजारच्यांची झोप आधी मोडते. पहाटे पाचला सळ्यांचा ट्रक रिकामा होतो, पाठोपाठ ब्रेकर सुरू. ‘काम आहे, चालायचंच’ म्हणून लोक गप्प बसतात. बसू नये.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. आवाज करणारी बांधकाम यंत्रं या वेळेत निवासी भागात चालवायला २०१० च्या दुरुस्तीने थेट बंदी आहे, शांतता क्षेत्रातही. म्हणजे डेसिबल मोजत बसायची गरज नाही, यंत्र चालू असणं हाच भंग. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं आणि मुकादम त्याचाच फायदा घेतो.

सहा वाजले म्हणजे मोकळं रान नव्हे. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं वजन कळतं.

आवाज चालू असतानाच ११२ वर फोन करा. खिडकीतून वेळेसह व्हिडिओ घ्या. यंत्र दिसलं पाहिजे, नुसता आवाज पुरत नाही. मग सोसायटीच्या लेटरहेडवर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, प्रत महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला, आणि पोच घ्याच. साइटवरच्या मजुरांशी मात्र भांडू नका. वेळ ते ठरवत नाहीत, आणि त्यांचीही झोप तिथेच, पत्र्याच्या खोलीत, मोडलेली असते.