न दिलेला खलिता

परराष्ट्रातील वकील हा आपल्या सरकारचे मुख समजला जातो. सरकारने जे सांगावे ते त्याने बोलावे, आणि ते मनाला पटत नसेल तर राजीनामा देऊन स्वदेशी परतावे, असा राजनीतीचा दंडक आहे. हा दंडक उघडपणे मोडूनही ज्याला त्याच्या देशाने पुढे पंतप्रधानपदी बसविले, असा वकील विरळाच. थायलंडचे सेनी प्रामोज हे अशांपैकी एक होत.

दुसऱ्या राम राजाचे हे पणतू. ऑक्सफर्डला कायदा शिकलेले आणि स्वभावाने न्यायासनावर शोभावेत असे. १९४० साली त्यांची वॉशिंग्टनला वकील म्हणून नेमणूक झाली. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौजा थायलंडमध्ये उतरल्या आणि काही तासांच्या प्रतिकारानंतर फिबून सोंगखराम यांच्या सरकारने शस्त्रे खाली ठेवली. त्याच दिवशी सेनी अमेरिकी परराष्ट्र खात्यात गेले आणि जपानच्या मुठीतील सरकारचा शब्द आपल्या देशाचा शब्द मानण्यास त्यांनी नकार दिला. २५ जानेवारी १९४२ रोजी बँकॉकने ब्रिटन व अमेरिका यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा त्याचा खलिता अमेरिकी सरकारच्या हाती देण्याचे छत्तीस वर्षांच्या या वकिलाने नाकारले. ही हकिकत पुढे इतक्या वेळा रंगवून सांगितली गेली, की तिच्यातील नाट्य किती आणि इतिहास किती हे निवडणे आता कठीण आहे. नकार मात्र खरा.

परंतु एका वकिलाने कागद दिला नाही म्हणून युद्ध टळले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. थायलंडला शत्रू न मानता शत्रूने व्यापलेला देश मानणे हे अमेरिकेलाही सोयीचे होते. १९४२ च्या जूनमध्ये तिने बल्गेरिया, हंगेरी व रुमानिया यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले. त्या यादीत थायलंडचे नाव नव्हते. सेनींच्या नकाराने या धोरणाला एक प्रतिष्ठित आधार मिळाला, इतकेच म्हणता येईल. पण हा हिशेब आज मांडणे सोपे आहे. ज्या दिवशी त्यांनी नकार दिला, त्या दिवशी जपानची सरशी होत होती आणि परतीची वाट बंद झाली होती.

त्यांच्या हाकेला अमेरिकेत शिकणारे थाई विद्यार्थी धावले. 'मुक्त थाई' चळवळीतील या तरुणांना अमेरिकी हेरखात्याने शिक्षण देऊन गुप्तपणे मायदेशी पाठविले. त्यांपैकी दोघे १९४४ साली थाई पोलिसांच्याच हातून मारले गेले. इकडे बँकॉकमध्ये राजप्रतिनिधी प्रीदी फनोमयोंग हेच भूमिगत कार्याचे सूत्रधार होते. १६ ऑगस्ट १९४५ रोजी प्रीदींनी ती युद्धघोषणा मुळातच रद्दबातल असल्याचे जाहीर केले आणि सप्टेंबरात सेनी पंतप्रधान झाले.

आता गाठ ब्रिटनशी होती. तेथे युद्धघोषणा पोहोचली होती, ब्रिटननेही उलट युद्ध पुकारले होते. शिवाय मलायातील चार संस्थाने आणि ब्रह्मदेशातील शान मुलूख थायलंडने जपानच्या कृपेने घशात घातले होते. ब्रिटनच्या मूळ मागण्या फार कडक होत्या. अमेरिकेच्या दडपणामुळे त्या सौम्य झाल्या. तरीही १ जानेवारी १९४६ च्या सिंगापूर कराराने पंधरा लाख टनांपर्यंत तांदूळ विनामूल्य देण्याची अट थायलंडच्या माथी आलीच. मराठी वाचकाला कुतूहल वाटेल अशी गोष्ट म्हणजे, या करारात हिंदुस्थान हाही एक पक्ष होता आणि त्याच्या वतीने सही केली ती यवतमाळच्या लोकनायक बापूजी अणे यांनी. ते तेव्हा सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. पुढे काही महिन्यांतच, फुकट तांदूळ बाहेर येत नाही असे दिसून आल्यावर, ब्रिटनला तो किंमत देऊन घेण्याचे कबूल करावे लागले. असो.

सेनींची मुत्सद्देगिरी येथे संपते आणि राजकारण सुरू होते. ते मात्र त्यांना फारसे मानवले नाही. ज्या फिबूनांचा खलिता त्यांनी अडविला, तेच १९४८ साली पुन्हा पंतप्रधान झाले आणि अमेरिकेनेही त्यांना जवळ केले. १९६२ साली प्रेह विहार मंदिराच्या वादात सेनींनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशाची बाजू मांडली. मंदिर कंबोडियाला गेले. १९७६ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान असताना, ६ ऑक्टोबर रोजी थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांची कत्तल झाली आणि त्याच संध्याकाळी लष्कराने सत्ता घेतली. १९४२ साली परदेशातून विद्यार्थ्यांना हाक देणाऱ्या या माणसाला त्या दिवशी स्वतःच्या राजधानीत विद्यार्थ्यांना वाचविता आले नाही. १९९७ साली ते निवर्तले.