हलकं पान, चार भिडू आणि अहिल्यादेवींची चाल

लक्ष्मीपूजन आटोपतं, चिवडा-चकलीची ताटं फिरतात आणि इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत सतरंजी अंथरून पत्ते पिसायला घेतले जातात. आजी शेंगदाणे वाटून देते, कारण पैशांनी खेळायचं नाही हा घरचा नियम. तीन पत्ती ही पोकरची आपल्याकडची चुलत बहीण. दोन्हींत एक प्रश्न हमखास येतो. हातात राणी, नव्वी, चव्वी असं हलकं पान आहे, समोर चार जण अजून खेळात आहेत. चाल लावत राहायचं की पॅक करायचं?

उत्तराची सुरुवात साध्या गणितापासून करू. बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांतल्या १६,४४० हातांत साधी जोडीही नसते. म्हणजे चारांतल्या जवळजवळ तीन वेळा आपल्या हाती काहीच येत नाही. हे वाचून धीर येतो, कारण समोरच्याचीही तीच गत असते. एकच भिडू असेल, तर त्याच्याकडे जोडी किंवा त्याहून मोठं पान असण्याची शक्यता साधारण २६ टक्के. दोन भिडू असले, तर दोघांपैकी निदान एकाकडे तसं पान असण्याची शक्यता ४५ टक्के होते आणि चार असले तर ६९ टक्के. आपलं पान तेच राहिलं, समोरची माणसं तेवढी वाढली.

हूल देण्याचंही तसंच आहे. मध्ये २० शेंगदाणे जमलेत आणि तुम्ही १० ची चाल लावली असं समजा. कुणी टिकलंच तर आपण हरणार, असंही धरू. मग ही हूल तीनांतून एकदा तरी साधली पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी होते. प्रत्येक भिडू घाबरून पॅक होण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर एका भिडूसमोर चाल फायद्याची. दोघे असले, तर दोघेही पॅक होण्याची शक्यता ३६ टक्के, म्हणजे जेमतेम. तिघांसमोर ती २२ टक्क्यांवर येते आणि शेंगदाणे संपू लागतात. सगळ्यांना एकाच वेळी घाबरवावं लागतं आणि चौघांत एखादा काका असतोच, जो कशालाच घाबरत नाही!

मग हलक्या पानावर चाल लावूच नये का? तसंही नाही. पोकरमध्ये पानं टप्प्याटप्प्याने उघडतात, त्यामुळे आजचं हलकं पान उद्या भारी होऊ शकतं. समजा, हातातली दोन आणि टेबलावरची तीन पानं मिळून चार बदाम झाले. न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम उरतात. पुढच्याच पानावर कलर जमण्याची शक्यता १९ टक्के, दोन पानांत मिळून ३५ टक्के. अशा वेळी लावलेल्या चालीला दोन वाटा असतात: समोरचा पॅक होतो किंवा आपलं पान वाढतं. तीन पत्तीत ही सोय नाही. वाटलेली तीन पानं शेवटपर्यंत तीच राहतात, म्हणून तिथे हलकं पान लवकर टाकलेलं बरं.

आता राजवाड्याकडे वळू. समोरच्या बागेत अहिल्यादेवींचा पुतळा आहे. देवींच्या निर्णयाला जुगार म्हणायचं नाही, पण कमी बळावर अनेकांना तोंड कसं द्यावं, याचा याहून चांगला धडा आपल्या शहराकडे नाही.

१७६६ मध्ये मल्हारराव होळकर गेले. पुढच्याच वर्षी नातू मालेराव गेला. दौलतीचे जुने दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती हवा होता. त्यांच्या पाठीशी राघोबादादा फौजेनिशी माळव्यात आले. इतर मराठे सरदार कुठे झुकतील हे ठरलेलं नव्हतं. वरकरणी पाहिलं तर अहिल्याबाईंच्या हाती फारसं काही नव्हतं.

त्यांनी आधी भिडू कमी केले. शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रं गेली. पुण्याला माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली आणि पेशव्यांनी त्यांची बाजू घेतली. तुकोजी होळकर फौज घेऊन क्षिप्रेकाठी उभे राहिले. उरले एकटे राघोबादादा. त्यांना अहिल्याबाईंनी निरोप धाडला अशी कथा सांगतात: मी हरले तर मला कुणी हसणार नाही, पण बायकांच्या फौजेकडून तुम्ही हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. दादांनी मग आपण मालेरावांच्या दुखवट्याला आलो आहोत असं सांगितलं, असंही सांगतात. पुढे १७९५ पर्यंत कारभार अहिल्यादेवींच्याच हाती राहिला.

निरोप तोच, पण तो आधीच धाडला असता तर? चौघे समोर असताना ती नुसती हूल ठरली असती. पत्रं पोहोचल्यावर, मदत वाटेत असताना, समोर एकच माणूस उरला होता आणि त्याच्यासाठी जिंकण्यातही शोभा नव्हती. शिवाय जाणाऱ्या प्रत्येक दिवसागणिक बाईंचं पान भारी होत होतं.

दिवाळीच्या सतरंजीवर हेच लक्षात ठेवा. चाल लावण्याआधी किती जण उरलेत ते मोजा. आपलं पान वाढण्याजोगं आहे का, ते पाहा. समोरच्याला टिकून राहणं खरंच महाग पडणार आहे का, याचाही विचार करा. ब्लाइंड खेळणाऱ्याला पान पाहिलेल्याच्या निम्मीच चाल लावावी लागते. त्याला घाबरवणं अवघडच. आणि 'आतापर्यंत इतके घातलेत, आता कसं सोडू?' हे कारण कधीच धरू नका. मध्ये गेलेले शेंगदाणे आपले राहिलेले नसतात.

मोबाइलवर मात्र हे गणित आजमावायला जाऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात नाही. शिवाय पडद्यापलीकडचे भिडू किती आणि कोण हेच कळत नाही, मग मोजणार काय? घरच्या खेळात काका दिसतात, त्यांच्या मिशीआडचं हसू दिसतं आणि हरलेले शेंगदाणे आजी परत वाटून देते.