जाहिरातीमागील नोंदवही

एखाद्या गृहस्थाने सकाळी गुडघेदुखीवरील लेख मोबाइलवर वाचावा आणि सायंकाळी फेसबुक उघडताच गुडघ्यावर बांधावयाच्या पट्ट्यांची जाहिरात त्याच्यापुढे उभी राहावी, हा अनुभव आता शहरांत आणि खेड्यांत सारखाच परिचयाचा झाला आहे. लेख एका संकेतस्थळावर होता. जाहिरात दिसली ती दुसऱ्याच ठिकाणी. मध्यंतरी त्याने आपल्या दुखण्याचा शब्दही कोणापाशी काढला नव्हता. मग ही वार्ता गेली कशी? मोबाइल आपले संभाषण चोरून ऐकतो, असा तर्क पुष्कळ लोक करतात. वस्तुतः यासाठी ऐकण्याची गरजच नसते. ज्या पानावर लेख होता, ते पानच ही वार्ता पोहोचवू शकते. ती कोणत्या मार्गाने जाते, पुढे तिचे काय होते आणि माणसाच्या हिताहिताशी तिचा संबंध कोठे येतो, हे समजण्यास उच्च गणिताची आवश्यकता नाही. एका साध्या क्रमांकाची हकीकत समजली म्हणजे पुरे.

विसराळू यंत्राला मिळालेली स्मृती

वर्ल्ड वाइड वेब या जाळ्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे सुलभतेने मिळावीत, हा तिचा मूळ हेतू. या रचनेत पाने पुरविणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, स्वभावतःच विसराळू होता. मागणी आली की पान पाठवावयाचे आणि मागणी करणाऱ्यास तत्काळ विसरावयाचे, असा त्याचा क्रम. टिपणे वाचण्याच्या आड हा विसराळूपणा येत नव्हता. परंतु जाळ्यावर दुकाने थाटण्याचा विचार सुरू होताच तो आड येऊ लागला. गिऱ्हाइकाने टोपलीत टाकलेला जिन्नस पुढच्या पानावर जाताच नाहीसा होऊ लागला, तर व्यवहार चालावा कसा?

या अडचणीवर नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये तोड काढली. सर्व्हरने पानासोबत एक छोटीशी नोंद पाठवावी, वाचकाच्या ब्राउझरने ती जपून ठेवावी आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना ती बरोबर न्यावी. या नोंदीस ‘कुकी’ असे नाव पडले. सरकारी दवाखान्यात रुग्णाला केसपेपर देतात आणि त्यावर क्रमांक घालतात. पुढच्या खेपेस तो क्रमांक दाखविला की मागील नोंद सापडते. कुकी म्हणजे असाच एक क्रमांक होय. एका दवाखान्याचा केसपेपर जसा दुसऱ्या दवाखान्यात चालत नाही, तशी एका सर्व्हरने दिलेली कुकी दुसऱ्या सर्व्हरकडे जात नाही. या मर्यादेमुळे ही योजना निर्धोक वाटली, आणि योजना करणाऱ्याचा हेतूही निर्मळच होता.

तिऱ्हाइताचा प्रवेश

परंतु या मर्यादेला एक फट होती. ब्राउझरमध्ये दिसणारे पान एकाच ठिकाणाहून आलेले असते, असे नाही. मजकूर वृत्तपत्राच्या सर्व्हरकडून येतो, तर त्याच पानावरील जाहिरातीचे चित्र जाहिरात कंपनीच्या सर्व्हरकडून येते. वाचकाच्या दृष्टीने ते एक पान असते. ब्राउझरच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या मागण्या असतात. चित्र पाठविताना जाहिरात कंपनीही आपली कुकी देऊ शकते, आणि हे चित्र कोणत्या पानावर लागले आहे हेही तिला बहुधा कळते. आता हीच कंपनी हजारो संकेतस्थळांवर जाहिराती लावीत असेल, तर त्या प्रत्येक ठिकाणी वाचक तोच क्रमांक घेऊन तिच्यापुढे येतो. गावातील प्रत्येक दवाखान्यात, पेढीत आणि पुस्तकालयात एकच कारकून दाराआड बसलेला असावा आणि त्याने येणाऱ्याजाणाऱ्याची एकाच वहीत नोंद करावी, तसा हा प्रकार झाला.

हा धोका कोणाच्या ध्यानात आला नव्हता असे मात्र नव्हे. कुकीचे नियम ठरविणारा एक तांत्रिक मसुदा डेव्हिड क्रिस्टॉल आणि स्वतः मॉन्टुली यांच्या नावाने फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा तिऱ्हाईत कुकींची सोय ब्राउझरमध्ये मुळात बंद असावी, वाचकाने स्वतः चालू केली तरच ती चालावी, असे त्यात सांगितले होते. त्या काळच्या प्रमुख ब्राउझरांनी ते मानले नाही. जाहिरातीच्या उत्पन्नावर उभा राहणारा नवा व्यवसाय तोवर आकार घेऊ लागला होता. त्यातील डबलक्लिक ही अग्रेसर कंपनी २००८ मध्ये गूगलच्या मालकीची झाली.

क्रमांकाला नाव मिळते

इतके झाले तरी वहीतील नोंद एका क्रमांकापुढे होती. तो क्रमांक कोणाचा, हे जाहिरात कंपनीस सहसा ठाऊक नसे. ही उणीव समाजमाध्यमांनी भरून काढली. २००४ मध्ये सुरू झालेल्या फेसबुकवर सभासद स्वतःच आपले नाव, जन्मतारीख, गाव, शिक्षण आणि मित्रपरिवार नोंदवीत असे. नोव्हेंबर २००७ मध्ये या कंपनीने ‘बीकन’ नावाची योजना सुरू केली. तीमुळे अन्य संकेतस्थळांवर केलेल्या खरेदीची वार्ता सभासदाच्या मित्रांना दिसू लागली. लोकांनी गिल्ला केला; पुढच्याच महिन्यात कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी क्षमा मागितली आणि २००९ मध्ये योजना बंद झाली.

मात्र बाहेरच्या संकेतस्थळांवरून वार्ता येणे त्यामुळे थांबले नाही. एप्रिल २०१० मध्ये फेसबुकने ‘लाइक’चे बटण कोणत्याही संकेतस्थळास वापरण्यास दिले. हे बटण त्या संकेतस्थळावर दिसत असले, तरी ते येत असे फेसबुकच्या सर्व्हरकडून. म्हणून वाचकाने ते दाबले नाही, तरी केवळ पान उघडताच त्याची कुकी फेसबुककडे जाऊ शके. पुढे बटणाचीही गरज उरली नाही. ‘पिक्सेल’ नावाचा, डोळ्यांस न दिसणारा एक ठिपका पानात बसविला की तेच काम होऊ लागले. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थाची वार्ता बहुधा याच वाटेने गेली असेल.

दुकानातील रोखीच्या व्यवहारालाही हे जाळे पोहोचले आहे. पावती करताना दुकानदार मोबाइल क्रमांक विचारतो. अशा क्रमांकांची यादी जाहिरातदार समाजमाध्यमाकडे पाठवू शकतो. पाठविताना प्रत्येक क्रमांकाचे एका ठराविक गणिती रीतीने कूटरूप केले जाते. समाजमाध्यम आपल्या सभासदांच्या क्रमांकांचेही त्याच रीतीने कूटरूप करते आणि दोन्ही याद्या ताडून पाहते. सारख्या क्रमांकाचे कूटरूप सारखेच निघत असल्यामुळे गिऱ्हाईक कोण, हे तत्काळ जुळते.

क्षणार्धातील लिलाव

या नोंदींचे मोल जाहिरातीच्या लिलावात ठरते. बाहेरच्या अनेक संकेतस्थळांवर पान उघडले जात असतानाच त्यावरील रिकामी जागा लिलावास निघते. वाचकाविषयीची माहिती अनेक कंपन्यांकडे धाडली जाते, त्यांचे संगणक बोली लावतात आणि सेकंदाच्या काही अंशांत सौदा पुरा होतो. बोली एकच कंपनी जिंकते. पण ज्या हरतात, त्यांनाही ती माहिती पाहावयास मिळालेली असते. समाजमाध्यमाच्या आतील लिलावात बोलीच्या रकमेसोबत, हा मनुष्य या जाहिरातीस प्रतिसाद देण्याचा संभव किती, याचेही अनुमान मोजले जाते. फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२३ मधील उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते. त्यांपैकी सुमारे १३२ अब्ज जाहिरातींचे होते. आपण सभासदांची माहिती विकत नाही, असे ही कंपनी म्हणते. ती यादी हाती देत नाही, हे खरे. ती विकते ते हव्या त्या माणसापर्यंत पोहोचण्याचे साधन. परंतु त्या साधनाची किंमत नोंदवहीमुळेच येते, हेही तितकेच खरे.

सांगितले त्याहून अधिक

‘माझ्यापाशी लपविण्यासारखे काहीच नाही’ असे कित्येक जण म्हणतात. २०१३ मध्ये मायकेल कोसिन्स्की, डेव्हिड स्टिलवेल आणि थोर ग्रेपेल यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन या समजुतीस उत्तर देते. अमेरिकेतील ५८,००० हून अधिक स्वयंसेवकांनी फेसबुकवर दिलेल्या ‘लाइक’ त्यांनी अभ्यासिल्या. डेमोक्रॅट पक्षाची एक व्यक्ती आणि रिपब्लिकन पक्षाची एक व्यक्ती अशी जोडी घेतली, तर केवळ या पसंतींवरून कोण कोणत्या पक्षाचे, हे १०० पैकी सुमारे ८५ वेळा अचूक सांगता आले. गाणी, खाद्यपदार्थ आणि खेळाडू यांसारख्या निरुपद्रवी पसंतींतूनही न सांगितलेली गोष्ट निघते. एक पसंती काहीच सांगत नाही. शेकडो पसंती एकत्र केल्या की त्या बोलू लागतात. पसंती दर्शविणाऱ्याने संमती दिली असेल ती त्या पसंतीपुरती; तिच्यावरून काढलेल्या अनुमानास त्याने संमती केव्हा दिली, हा प्रश्न उरतोच.

मित्राच्या कृतीमुळेही मनुष्य या वहीत ओढला जातो. केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचे प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले. एका प्रश्नावलीचे अॅप सुमारे २,७०,००० लोकांनी घेतले होते. पण त्यांच्या मित्रांची माहितीही त्यातून गेल्यामुळे बाधितांची संख्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत असू शकेल, असे फेसबुकने सांगितले. भारतात हे अॅप घेणारे केवळ ३३५ होते. बाधित होण्याचा संभव असलेले सुमारे ५,६२,०००. या प्रकरणानंतर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये फेसबुकला ५ अब्ज डॉलरांचा दंड केला.

न दिसणारी जाहिरात

नको असलेली जाहिरात दिसणे, हा या पद्धतीतील लहानसा उपद्रव होय. मोठा अपाय होतो तो जाहिरात न दिसण्यामुळे. वृत्तपत्रात घर भाड्याने देण्याची जाहिरात आली, तर ती गरीब-श्रीमंत सर्वांना सारखीच वाचता येते. कोणास वगळले असेल, तर ते मजकुरातच दिसते आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. समाजमाध्यमावर मात्र ज्याला वगळले, त्याला वगळल्याचे कळतही नाही. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकन वृत्तसंस्थेने दाखवून दिले की, घरांसंबंधीची जाहिरात कृष्णवर्णीयांना दिसू नये, अशी व्यवस्था फेसबुकवर करता येत होती. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने २०१९ मध्ये कंपनीवर भेदभावाचा आरोप ठेवला. २०२२ मधील तडजोडीत मेटाने घरांच्या जाहिराती कोणास दाखवावयाच्या हे ठरविण्याची पद्धत बदलण्याचे मान्य केले. घर, नोकरी आणि कर्ज यांच्या वार्ता ज्या दाराने येतात, ते दार एखाद्यापुरते मुकाट्याने बंद करता यावे, हाच या नोंदवहीचा खरा धोका होय.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

सफारी ब्राउझरने २०२० मध्ये तिऱ्हाईत कुकी संपूर्णपणे रोखल्या. फायरफॉक्सने २०१९ पासून माग काढणाऱ्या ज्ञात कुकी मुळातच बंद केल्या. गूगलने २०२० मध्ये क्रोममधून त्या काढून टाकण्याचे जाहीर केले होते; २०२५ मध्ये तो बेत सोडून दिला. अॅपलने एप्रिल २०२१ पासून असा नियम केला की, अन्य कंपन्यांच्या अॅपांतून आणि संकेतस्थळांतून माग काढण्यापूर्वी अॅपने मोबाइलधारकास विचारावे. त्यामुळे २०२२ मध्ये आपले सुमारे १० अब्ज डॉलरांचे नुकसान होईल, असा अंदाज मेटाने वर्तविला. नुसते विचारल्याने एवढा फरक पडावा, यावरून पूर्वी न विचारता किती चालले होते, याची कल्पना येते.

तथापि कुकी रोखल्या की काम संपले, असे नाही. पडद्याचा आकार, अक्षरांचे संच, ब्राउझरची आवृत्ती अशा किरकोळ गोष्टी एकत्र केल्या, तर बोटाच्या ठशाप्रमाणे ब्राउझर ओळखता येतो. पीटर एकर्स्ली यांनी २०१० मध्ये ४,७०,००० हून अधिक ब्राउझरांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ८३.६ टक्के इतरांपासून वेगळे ओळखता आले.

म्हणून तंत्राला कायद्याची जोड हवी. युरोपीय संघाचा माहितीरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. त्याच्या ९ व्या कलमाने १८ वर्षांखालील मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणे आणि त्यांना उद्देशून लक्ष्यवेधी जाहिराती करणे यांस मनाई केली आहे. सरकारने ठरविलेले काही अपवाद मात्र त्यास आहेत. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कर्तव्यांच्या पूर्ततेसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

वाचकाच्या हाती काय आहे? बाहेरच्या संकेतस्थळांवरून आपल्याविषयी काय काय आले, ते पाहण्याची आणि आपल्या खात्यापासून वेगळे करण्याची सोय फेसबुकने २०२० मध्ये जगभर उपलब्ध केली. तिने माहिती येणे थांबत नाही. केवळ क्रमांक आणि नाव यांची गाठ सुटते, पण तेवढेही उपयोगाचे आहे. दुकानात मोबाइल क्रमांक विचारल्यास, तो कशासाठी हवा, असे उलट विचारता येते. शाळेतील अथवा ग्रंथालयातील संगणक अनेकांच्या वापराचा असतो. तेथे खाते बंद न करता उठून जाणाऱ्याच्या नावावर त्याच्यानंतर बसणाऱ्याचे वाचन नोंदले जाण्याचा संभव असतो. म्हणून उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडावे आणि ब्राउझरमधील कुकी पुसून टाकाव्यात. या कामास एक मिनिटही लागत नाही, आणि पुढील वाचकाला कोरी पाटी मिळते.