जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

सोलापूर शहराच्या पूर्व भागात एखाद्या यंत्रमागाचा वेग मंदावला, तर जॉबर तो माग लगेच भंगारात काढीत नाही. पट्टा सैल झाला आहे काय, मोटार तापते आहे काय, धोटा कोठे अडतो आहे काय, हे तो आधी पाहतो आणि दोष असेल तेवढाच भाग बदलतो. शाळा व ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत दहा-बारा वर्षांपूर्वी आलेल्या संगणकांकडेही याच दृष्टीने पाहता येईल.

संगणक आता कार्यालयाची शोभा राहिलेला नाही. जन्ममृत्यूचे दाखले, ई-ग्रामस्वराजवरील हिशेब, यू-डायसची माहिती, शालार्थमधील वेतनदेयके ही सारी कामे त्याच्यावरून होतात. यंत्र सुरू होण्यातच दहा-पंधरा मिनिटे गेली, तर दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून आलेला ग्रामस्थ रिकाम्या हाताने परत जातो. नवा संगणक घेण्यास तरतूद नसते, आणि मग कोणीतरी सुचवितो, ‘प्रोसेसर बदला.’

प्रोसेसर हे संगणकाचे गणित करणारे अंग. परंतु विलंब नेहमी त्याच्यामुळेच होतो असे नाही. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कशावर किती भार आहे, हे तेथे टक्क्यांत दिसते. डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर वीस टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर बदलून काहीही साधणार नाही. तिन्ही आकडे कमी असून संकेतस्थळ तेवढे उघडत नसेल, तर अडचण बहुधा जोडणीची वा पलीकडील सर्व्हरची आहे. तेथे कार्यालयातील यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

जुन्या संगणकात बहुधा डिस्कच अडसर ठरते. हार्ड डिस्कमधील चकती मिनिटाला साधारणपणे ७,२०० फेरे घेते, तरीही हवी ती माहिती शोधण्यास तिला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने हेच काम त्याच्या शंभरपट कमी वेळात होते. मेमरी ४ जीबी असेल तर ती ८ जीबी करावी. मात्र डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही, आणि विंडोजची ३२ बिटांची आवृत्ती असेल तर वाढविलेल्या मेमरीचा लाभ मिळत नाही. या दोन्ही वस्तू नव्या, पावतीसह व हमीसह मिळतात. शिवाय संगणक पुढे निकामी झाला तरी एसएसडी दुसऱ्या यंत्रात वापरता येते. मर्यादित निधीत पहिला खर्च येथेच व्हावा.

त्याहीआधी एक बिनखर्चाचे काम आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि धूळ तर बारमाही. प्रोसेसरवरील पंखा व धातूच्या पट्ट्या धुळीने भरल्या की उष्णता बाहेर पडत नाही. मग प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी आपली गती कमी करतो. अशा संगणकाला साध्या सफाईनेही बरीच गती परत मिळते. तारीख वारंवार चुकत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि संगणक बिघडल्याचा समज होतो.

प्रोसेसर केव्हा बदलावा

एवढे करूनही प्रोसेसरचा आकडा सतत शंभराजवळ राहत असेल, तरच त्याचा विचार करावा. येथे निर्णय मदरबोर्डवरील सॉकेटवर अवलंबून असतो. इंटेलचे २०११ मधील दुसऱ्या व २०१२ मधील तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर ११५५ क्रमांकाच्या सॉकेटवर बसतात. दोन गाभ्यांचा आय-थ्री २१०० काढून तेथे चार गाभ्यांचा आय-फाइव्ह ३४७० बसविता येतो. मात्र जुन्या बोर्डाचे बायोस आधी अद्ययावत करावे लागते, आणि नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांत ती सोय असेलच असे नाही. उष्णतेचे मानही ६५ वॉटवरून ७७ वॉटवर जाते. पंखा त्याला पुरेसा हवा. २०१३ मधील चौथ्या पिढीला वेगळा, ११५० क्रमांकाचा सॉकेट लागतो.

फसगत होते ती ११५१ च्या बाबतीत. सहावी-सातवी आणि आठवी-नववी या पिढ्यांच्या सॉकेटचा क्रमांक एकच आहे, परंतु पहिल्या जोडीसाठी बनविलेल्या बोर्डावर दुसरी जोडी चालत नाही. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालते. त्यामुळे या जुन्या बोर्डांवर प्रोसेसर बदलून गती वाढेल, पण नव्या विंडोजची पात्रता मिळणार नाही. अशा संगणकांसाठी लिनक्ससारखी मुक्त प्रणाली हा मार्ग आहे. केरळमधील शासकीय शाळांत तिचा वापर अनेक वर्षे होत आहे. ग्रामपंचायतीने मात्र सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन त्या प्रणालीवर चालते काय, याची आधी खात्री करावी.

हे जुने प्रोसेसर आता नव्याने तयार होत नाहीत; बाजारात मिळतात ते वापरलेले. लेखापरीक्षणात प्रश्न येऊ नये म्हणून पावती व लेखी हमी देणाऱ्या विक्रेत्याकडूनच, आणि चाचणी घेऊनच, ते घ्यावेत.

बसविताना वीजजोडणी काढावी. सॉकेटमधील बारीक पिनांना बोट लागू देऊ नये. एक पिन वाकली तरी बोर्ड जाऊ शकतो. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण सॉकेटवरील खुणेशी जुळवून तो अलगद ठेवावा, दाबू नये. जुना उष्णतावाहक लेप पुसून तुरीच्या दाण्याएवढा नवा लेप लावावा आणि मगच पंखा बसवावा. पंख्याची वायर जोडण्यास विसरू नये. हे विसरणारे थोडे नाहीत.

काढलेल्या भागांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये करावी. जुन्या हार्ड डिस्कवरील अभिलेखांची प्रत घेऊन मगच ती पुसावी. निर्लेखित सुटे भाग रद्दीवाल्याकडे न देता, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावेत.